जगात मंदी आली की निघणारं सरकारी पॅकेज आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागापर्यंत पोचतं का?

ताणा_बाणा (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. आमचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, वडलांनी चालू केलेला, आता एक्स्पोर्टचे कागद आणि बँकेचं काम माझ्याकडं आहे. बाहेरच्या पार्ट्या परत ऑर्डर पुढं ढकलायला लागल्यात आणि टीव्हीवर परत तेच, सरकार पॅकेज देणार का, किती लाख कोटी देणार. मला गेले कित्येक दिवस एकच गोष्ट डोक्यात घोळतीय ती इथं मांडतो, तुमचे अनुभव पण लिहा.

पॅकेजचा आकडा किती याच्यावर सगळे भांडतात पण तो पैसा कुणाच्या खात्यातून, कुणाच्या कागदावरून, कुठल्या ऑफिसातून फिरत खाली येतो हे कुणी विचारत नाही. २००८ ला मी कॉलेजला होतो, १५ सप्टेंबरला तिकडं लेहमन ब्रदर्स बुडाली आणि दिवाळी झाल्यावर आमच्याकडं पॅक झालेला माल गोडाऊनमध्ये पडून, पार्टी म्हणायची डिस्पॅच थांबवा. २०२० ला तर माग बंदच. दोन्ही वेळेला दिल्लीतून घोषणा झाल्या आणि आम्हाला दोन्ही वेळेला काही ना काही मिळालं, कारण आमच्याकडं आयात-निर्यातीचा आयईसी कोड आहे, जीएसटीचे रिटर्न आहेत, राष्ट्रीयीकृत बँकेत सीसी (कॅश क्रेडिट) आहे. पण आमचंच सूत घेऊन जॉबवर्क करणारे जे आहेत, आठ-दहा मागांचे, घराच्या मागच्या शेडमध्ये खटखट चालणारे, त्यांना दोन्ही वेळेला फार काही मिळालं नाही. आमच्याकडं कांडी भरायला, म्हणजे सूत कांडीवर गुंडाळायला येणाऱ्या बायकांना तर त्याहून कमी. हे असं का होतं आणि दुसऱ्या देशांत पण असंच होतं का, याच्यावर चर्चा करूया. पक्ष कुठला हा विषय नको, दोन वेळेला दोन वेगळी सरकारं होती.

हिशेबनीस
चांगला धागा काढला. मी सीएंच्या ऑफिसात आहे, सगळे क्लायंट आपल्याच भागातले, त्यामुळं थोडं सविस्तर लिहितो.

मंदीत सरकारच्या हातात दोनच मोठी हत्यारं असतात. एक रिझर्व्ह बँकेकडं, व्याजदर कमी करायचा आणि बँकांकडं पैसा मोकळा करायचा. दुसरं अर्थखात्याकडं, कर कमी करायचा नाहीतर स्वतः खर्च वाढवायचा. २००८ ला दोन्ही वापरली. रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते तो, ९ टक्के होता, तो एप्रिल २००९ पर्यंत ४.७५ वर आणला, सीआरआर, म्हणजे बँकांनी ठेवींतला रिझर्व्ह बँकेकडं ठेवायचा हिस्सा, ९ वरून ५ वर. इकडं ७ डिसेंबर २००८ ला पहिलं पॅकेज, त्यात सेनव्हॅट (कारखान्याच्या मालावरचा केंद्राचा कर) सरसकट ४ टक्क्यांनी कमी, कापड, चामडं, हस्तकला असल्या एक्स्पोर्टवाल्यांना कर्जाच्या व्याजात २ टक्के सवलत, आणि टफ स्कीमची (नवीन मशिनरीच्या कर्जावरची) जी सबसिडी तुंबलेली होती तिच्यासाठी १,४०० कोटी. मग जानेवारीत दुसरं, २४ फेब्रुवारीला तिसरं, त्यात सर्व्हिस टॅक्स १२ चा १० झाला. केंद्राची वित्तीय तूट जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर होती ती दोन वर्षांत साडेसहाच्या आसपास गेली. म्हणजे सरकारनं हात आखडता घेतला असं कुणी म्हणू शकत नाही.

आता हे खाली कसं आलं ते बघा. रेपो सव्वाचार टक्क्यांनी उतरला, पण तेव्हा बँका बीपीएलआर पद्धतीनं कर्जाचा दर स्वतःच ठरवायच्या, त्यामुळं जुन्या कर्जदाराला त्यातलं फार थोडं मिळालं. ह्या कारणासाठी रिझर्व्ह बँकेनं पुढं पद्धत तीनदा बदलली, २०१० ला बेस रेट, २०१६ ला एमसीएलआर, आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून घरकर्ज आणि छोट्या उद्योगांचं फ्लोटिंग दराचं नवीन कर्ज थेट रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडायला लावलं. आता ह्यात मेख अशी की तो नियम व्यापारी बँकांना आहे. सहकारी बँकांना नाही, पतसंस्थांना तर अजिबात नाही. आणि आपल्या पूर्व भागातल्या किती जणांचं कर्ज व्यापारी बँकेत आहे ते तुम्हीच सांगा.

जुना_मागवाला
हिशेबनीस साहेब बरोबर बोलले बगा. माझं कर्ज पतसंस्थेतच होतं. व्यापारी बँकेत गेलो होतो की, तिथला साहेब म्हणला बॅलन्सशीट आणा, तीन वर्षाचं रिटर्न आणा, शेडची कागदं आणा. शेड वडलांच्या नावावर, वडील वारलेले, तिघा भावांचा वाटा, कुठनं कागद आणायचं. पतसंस्थेत ओळखीवर मिळतं पण १४-१५ टक्क्यानं. रेपो का काय ते वर जाऊदे नाहीतर खाली येऊदे माझा हप्ता तेवढाच राहतो.

२००८ ला आमाला सूत देणाऱ्या मालकानं सांगितलं आता आठवड्यातनं चार दिवसच माल देतो. चार दिवसाचे तीन झाले. मजुरी नगावर आसती, माल नाही तर मजुरी नाही. माग चालवणारी दोन पोरं तेलंगणात गावाकडं गेली ती परत आलीच नाहीत, एक जण तिकडंच रिक्षा चालवायला लागला. सरकारनं काय काय दिलं ते मला आज ह्या धाग्यावर कळतंय.

ताणा_बाणा (धागाकर्ता)
काका हेच म्हणायचं होतं मला. आम्हाला ती २ टक्के व्याजसवलत मिळाली, पॅकिंग क्रेडिटवर, म्हणजे माल पाठवायच्या आधीच्या कर्जावर. रुपया पण तेव्हा ४० वरून ५० पर्यंत घसरला होता त्यामुळं डॉलरमागं चार पैसे जास्त हातात आले, फक्त ज्यांनी पुढं येणारे डॉलर ४० च्या भावानं विकायचं आधीच ठरवून (फॉरवर्ड बुक करून) ठेवलं होतं ते अडकले. पण सवलत मिळाली म्हणून आम्ही जॉबवर्कचा दर वाढवला का, तर नाही, मालच कमी जात होता. सवलत एक्स्पोर्टरच्या बॅलन्सशीटला आधार द्यायला होती, तिनं तो दिला, पण समोरच्या पार्टीनं टॉवेल घ्यायचा थांबवला असेल तर व्याज दोन टक्के कमी झालं म्हणून कोण जादा माग लावेल? स्वस्त कर्जाचा उपयोग धंदा आहे आणि पैसा महाग आहे तेव्हा होतो. धंदाच नसेल तर लोक कर्ज घ्यायच्याऐवजी असलेलं फेडायला बघतात, आम्ही पण तेच केलं.

पार्कचौक
मला थोडी वेगळी बाजू मांडायचीय. सगळे म्हणतात सरकारनं द्यावं, पण सरकारकडं पैसा येतो कुठनं? २००८-०९ चं पॅकेज लोक चांगलं चांगलं म्हणतात, त्याच्यानंतरचं कुणी आठवत नाही. २००९ च्या शेवटी खाण्यापिण्याच्या वस्तूंची महागाई वर्षाला २० टक्क्यांच्या जवळ गेली होती, तूरडाळ नव्वद-शंभरवर. आमचं किराणा दुकान आहे, अर्धा किलो डाळ नेणारी बाई पावशेर मागायला लागली हे मी काउंटरवर बसून बघितलंय. पुढची तीन-चार वर्षं महागाई ९-१० टक्क्यांवर राहिली आणि रिझर्व्ह बँकेला तोच रेपो ४.७५ वरून ऑक्टोबर २०११ पर्यंत साडेआठवर न्यावा लागला. त्या स्वस्त पैशाच्या काळात बँकांनी मोठ्या कंपन्यांना रस्ते, वीज, पोलाद असल्या प्रोजेक्टला वारेमाप कर्जं दिली, ती बुडाली, मार्च २०१८ ला व्यापारी बँकांचा एनपीए (थकलेलं कर्ज) ११ टक्क्यांच्या वर होता. तो खड्डा भरायला सरकारी बँकांना परत आपल्याच करातनं भांडवल दिलं. मग मदत झाली ती कुणाला आणि बिल फाडलं कुणाच्या नावानं?

अमेरिकेत पण तेच, २०२०-२१ ला घरोघर चेक वाटले आणि जून २०२२ ला त्यांची महागाई ९.१ टक्के, चाळीस वर्षांतली सगळ्यात जास्त. म्हणून माझं मत असं की मंदीत सरकारनं हात राखून खर्च करावा.

हिशेबनीस
पार्कचौक, तुमचे आकडे बरोबर आहेत, निष्कर्षाशी मी अर्धाच सहमत आहे. २००९ च्या महागाईत त्या वर्षीच्या दुष्काळाचा पण मोठा हात होता, मान्सून फार वाईट गेला होता. आणि २०२२ च्या महागाईत युक्रेन युद्ध, तेल, कंटेनरचं भाडं हे सगळं होतं. पण हो, मदत काढून घ्यायला उशीर झाला हे दोन्हीकडं खरंच.

उलट बाजूचं पण उदाहरण आहे. १९२९ ला अमेरिकेत शेअर बाजार कोसळला, तेव्हाच्या सरकारचा भर बजेट जुळवण्यावर होता, १९३० ला आयातीवर मोठा कर लावला, मग बाकीच्या देशांनी पण लावला, जगाचा व्यापार आटला, १९३३ पर्यंत तिथं चारातला एक जण बेकार. रुझवेल्ट आल्यावर सरकारी कामं काढली, लोक कामाला लागले, गाडी जरा रुळावर येतीय म्हणेस्तोवर १९३७ ला त्यांनीच घाईनं खर्च आवरला आणि लगेच १९३७-३८ ला परत घसरण. ग्रीसचं तर आपल्या डोळ्यांसमोरचं आहे, २०१० नंतर कर्जाच्या बदल्यात पगार, पेन्शन, सगळ्याला कात्री लावायला लावली आणि २०१३ ला बेकारी २७ टक्क्यांच्या वर. हात राखायचा तर तो कधी राखायचा हे फार महत्त्वाचं आहे. मंदीच्या ऐन भरात राखला तर सरकारचं उत्पन्नच कमी होतं आणि तूट आणखी वाढते.

निलमनगरची_लेक
मी पहिल्यांदाच इथं लिहितेय, वाचते रोज. माझी आई बिडी कामगार, अजून पण वळते. मी शिक्षिका आहे. तुमचं व्याजदराचं सगळं वाचलं पण आमच्या घरात २०२० ला काय आलं ते मी सांगते कारण ते मी स्वतः बघितलंय.

लॉकडाऊन लागला, बिडी कारखान्यातनं पानं आणि तंबाखू मिळायचं बंद झालं. बिडी हजारावर मोजतात, हजार वळली तर हजाराची मजुरी, पानंच नाहीत तर काय वळणार. एप्रिलमध्ये जनधन खात्यावर ५०० रुपये आले, तीन महिने आले. बँकेत गर्दी नको म्हणून खात्याच्या शेवटच्या आकड्यावर तारीख होती, ० आणि १ वाल्यांनी ३ एप्रिलला, २ आणि ३ वाल्यांनी ४ ला असं. आईच्या खात्याचा शेवटचा आकडा ६, म्हणजे ८ एप्रिल. आई पासबुक पदराखाली धरून उन्हात उभी होती, चुन्यानं आखलेल्या गोलात, पुढं-मागं सगळ्या आमच्याच गल्लीतल्या अक्का. त्या पाचशेचं काय घेतलं ते सांगते. एक लिटर तेल, शेंगदाणे, साबण, गॅसला ठेवले थोडे, आणि आजीची बीपीची गोळी. संध्याकाळपर्यंत संपले. तांदूळ रेशनचे मिळाले, माणशी ५ किलो फुकट, त्यानं आम्ही तगलो हे मी कुणासमोर पण सांगेन.

आता मला सांगा, शेजारच्या काकू, त्या पण बिडीच वळतात, त्यांचं जनधनचं खातं नव्हतं, साधं सेव्हिंग होतं. त्यांना पाचशे पण नाही. दोघी एकाच ओट्यावर बसून वळतात. खात्याचा प्रकार वेगळा म्हणून एकीला मिळालं आणि एकीला नाही.

जुना_मागवाला
ताई तुमच्या आईला नमस्कार सांगा. लई खरं लिवलं.

पार्कचौक
ताई, तुमचं वाचून एक लक्षात आलं ते लिहितो. ते पाचशे रुपये त्याच दिवशी आमच्यासारख्याच्या दुकानात आले, आम्ही ते मार्केट यार्डातल्या तेलवाल्याला दिले, त्यानं हमालाला. मोठ्या कंपनीला करसवलत मिळाली तर ती रक्कम बँकेत एफडी करून बसते हे पण बघितलंय. तेव्हा खर्च करायचा असेल तर खालून करावा, एवढं मी मान्य करतो. माझा विरोध फुकट कर्जवाटपाला आहे.

जर्मनीत_सोलापूरकर
मी दहा-बारा वर्षं इकडं श्टुटगार्टजवळ आहे, मूळ दमाणी नगरचा. ताणा_बाणा यांनी दुसऱ्या देशात काय होतं विचारलं म्हणून लिहितो. इकडं कुर्त्सआर्बाइट म्हणून प्रकार आहे, कमी तासांचं काम. मंदी आली की कंपनीनं कामगार काढायचा नाही, तास कमी करायचे, आणि जेवढा पगार बुडाला त्याच्या ६० टक्के, मुलंबाळं असतील तर ६७ टक्के, रोजगार विम्याच्या निधीतनं मिळतात. २००९ ला साधारण १४-१५ लाख लोक ह्याच्यावर होते आणि एप्रिल २०२० ला ६० लाखांच्या आसपास. मी पण त्यात होतो. माणूस कंपनीच्या हजेरीवर राहतो, त्यामुळं ऑर्डर परत आल्यावर नवीन माणूस शोधा, शिकवा हे नाही. अमेरिकेनं उलट केलं, माणसं निघाली आणि मग बेकारभत्ता वाढवून दिला.

काकांची माग चालवणारी दोन पोरं गेली ती परत आलीच नाहीत हे वाचून मला हेच आठवलं. हात बसलेला कारागीर एकदा धंद्यातनं गेला की तो नुकसानीचा आकडा कुठल्याच जीडीपीत दिसत नाही.

हिशेबनीस
आपल्याकडं ह्याच्या जवळचं एक आहे पण फार जणांना माहीत नाही. ईएसआयमध्ये (कामगार विम्यात) अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, जुलै २०१८ पासून. नोकरी गेली तर ९० दिवसांपर्यंत पैसे. आधी पगाराच्या २५ टक्के होते, २०२० ला ५० टक्के केले. पण त्यासाठी कामगाराचं ईएसआय कापलेलं पाहिजे, आणि दहापेक्षा कमी माणसं असलेल्या शेडला ईएसआय लागतच नाही. तसंच पीएफचं, गरीब कल्याण पॅकेजमध्ये सरकारनं मालकाचा आणि कामगाराचा मिळून २४ टक्के पीएफ काही महिने भरला, अट काय तर १०० पर्यंतच कामगार आणि त्यातल्या ९० टक्क्यांचा पगार १५ हजारांच्या आत. वर मोठा कारखाना बाहेर, खाली बिनहजेरीची शेड बाहेर, मधल्या थोड्यांना मिळालं.

आणि ३ लाख कोटींची ती गॅरंटीवाली कर्ज स्कीम, ईसीएलजीएस. माझ्या मते २०२० मधली छोट्या उद्योगांसाठीची सगळ्यात कामाची स्कीम तीच होती. २९ फेब्रुवारी २०२० ला जेवढं कर्ज फेडायचं शिल्लक होतं त्याच्या २० टक्के नवीन कर्ज, तारण नाही, बँकेला ९.२५ टक्क्यांच्या वर व्याज लावता येत नाही, पहिलं वर्ष मुद्दल भरायचं नाही. आमच्या ऑफिसातनं कित्येकांचं करून दिलं, लोकांनी त्यातनं सूतवाल्याची उधारी भागवली आणि माग परत चालू केले. पण गणितच असं की ज्याचं आधीचं कर्ज बँकेत नाहीतर एनबीएफसीत (कर्ज देणाऱ्या वित्त कंपनीत) आहे त्याला २० टक्के. काकांसारख्या पतसंस्थेवाल्याच्या शून्याचे २० टक्के शून्यच.

जुना_मागवाला
मग आमी बँकेचं कर्ज नाही काढलं ह्याची शिक्षा मिळाली म्हणा की. टाकी भरली म्हणतात, आमच्या गल्लीत पाइपच टाकली नाही तर नळाला पाणी कसं यायचं.

काळाकोट
सोलापूरचा एक जुना दाखला देतो, वकिली शिकणाऱ्या प्रत्येकाला देशभर हा वाचावा लागतो पण आपल्याच गावात फार जणांना ठाऊक नाही. जुनी मिल, म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, १९४९ च्या ऑगस्टमध्ये बंद पडली. तेव्हाच्या सरकारनं पॅकेज वगैरे काही नाही, जानेवारी १९५० मध्ये सरळ वटहुकूम काढून मिलचा कारभारच ताब्यात घेतला, कारण दिलं की गैरव्यवस्थापनामुळं आवश्यक मालाचा पुरवठा थांबतोय आणि कामगार बेकार होतायत. शेअरहोल्डर सुप्रीम कोर्टात गेले. १९५० च्या पहिल्या खटल्यात कायदा टिकला, पुढच्या खटल्यात मात्र भरपाई न देता मालमत्ता घेतली ह्या मुद्द्यावर सरकार हरलं. ती जागतिक मंदी नव्हती हे मान्य, पण हजारो लोकांचं काम एका दिवसात गेल्यावर सरकारनं कुठपर्यंत हात घालायचा हा प्रश्न ह्याच गावातनं दिल्लीपर्यंत गेलाय.

बार्शीवाला
मी शेतकरी कुटुंबातला, आता निवृत्त. तुम्ही सगळे बँक आणि कारखान्याचं बोलताय, मी ७२ चं बोलतो. दुष्काळ होता, मंदी नव्हती, पण हाताला काम नाही आणि खिशात पैसा नाही हे दोन्हीकडं सारखंच. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा, आई-वडील खडी फोडायला जायचे, तलावाचं काम होतं, लाल मिलो आणि सुकडी मिळायची. मे १९७३ मध्ये राज्यभरात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. कुणी विचारलं नाही तुझं खातं कुठल्या बँकेत, तुझं रिटर्न कुठाय. जो उन्हात यायला तयार आहे त्याला काम, एवढाच हिशोब. श्रीमंत माणूस खडी फोडायला येतच नाही, त्यामुळं खरा गरजू कोण हे शोधत बसायला लागत नाही.

त्यातनंच रोजगार हमी उभी राहिली. वि. स. पागे साहेबांची कल्पना, १९७७ ला कायदा झाला, काम मागितल्यावर १५ दिवसांत द्यायचं नाहीतर भत्ता द्यायचा. आणि पैसा कुठनं येतो असं पार्कचौक यांनी विचारलं होतं तर त्याचं उत्तर ह्यात आहे. तुमच्या पगारातनं दरमहा जे २०० रुपये व्यवसाय कर कापतात ना, फेब्रुवारीत ३००, तो कर १९७५ ला रोजगार हमीसाठीच लावला होता. शहरातल्या नोकरदारानं खेड्यातल्या मजुराच्या कामाचा खर्च उचलायचा, असं उघड सांगून लावलेला कर. पुढं केंद्रानं २००५ ला देशाचा कायदा केला, तीच मनरेगा, आणि १ एप्रिल २००८ ला तो सगळ्या जिल्ह्यांत लागू झाला, म्हणजे लेहमन बुडायच्या पाच महिने आधी. २००९ ला खेड्यातली मागणी टिकली त्यात ह्याचा वाटा होता हे माझं ठाम मत आहे. मंदी आल्यावर घाईघाईनं काही शोधायला लागलं नाही, व्यवस्था आधीच उभी होती.

ताणा_बाणा (धागाकर्ता)
सर, व्यवसाय कराचं मला माहीत नव्हतं, कामगारांच्या पगारातनं मीच तो कापून भरतो दर महिन्याला.

तुमच्या लिहिण्यातनं माझ्या प्रश्नाचं मला सापडलं ते मांडतो. २०२० ला पण बघा, मनरेगाला ६१,५०० कोटी होते त्यात ४०,००० कोटी वाढवले आणि त्या वर्षी साडेसात कोटी कुटुंबांनी काम केलं. रेशनचं पण तसंच, कार्ड आधीपासून होतं, दुकान आधीपासून होतं, फक्त धान्य वाढवलं आणि ते निलमनगरच्या ताईंच्या घरापर्यंत पोचलं. जे आधीपासून उभं होतं तेच वेळेवर खालपर्यंत गेलं. जे मंदी आल्यावर नवीन काढलं ते ज्यांचे कागद तयार होते त्यांच्याजवळ थांबलं, आम्ही त्यातलेच. म्हणून माझं म्हणणं असं की मंदीची तयारी मंदी नसताना करायला पाहिजे, आणि शहरातल्या मजुराची तयारी आपल्याकडं आजपण शून्य आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या खेड्यातल्या माणसाला कायद्यानं काम मागता येतं. महानगरपालिकेच्या हद्दीतल्या माग कामगाराला, कांडीवालीला, शिलाईवालीला येत नाही, आणि माग बंद पडतात ते हद्दीच्या आतच. मंदी बाहेर देशात सुरू झाली तर पहिला फटका एक्स्पोर्टला, म्हणजे शहराला, आणि हमीचं काम मात्र फक्त गावाला.

केरळनं २०१० पासून अय्यंकाळी शहरी रोजगार हमी चालवलीय, राजस्थाननं सप्टेंबर २०२२ ला शहरांसाठी १०० दिवसांची योजना सुरू केली होती. रोजगार हमी ज्या राज्यात जन्मली तिथल्या शहरांत ती असू नये?

पार्कचौक
शहरात काय काम देणार? खडी तर फोडायची नाही.

निलमनगरची_लेक
दादा शहरात कामाला काय तोटा आहे. आमच्या शाळेच्या भिंती, गळकं छप्पर, नाल्यांची सफाई, बालवाडीत मदतनीस, दवाखान्यात मदत. माझी आई पन्नाशीच्या पुढची आहे, बिडी वळून वळून पाठ गेलीय, पण बालवाडीत पोरं सांभाळायचं काम तिला फार छान जमेल. बायकांना घराजवळचं काम पाहिजे एवढंच लक्षात ठेवावं.

आणि शाळेच्या गणवेशाचं काम पण घ्या. सोलापुरात युनिफॉर्म शिवणारे एवढे कारखाने आहेत, सरकारी शाळांना लागणारा कपडा मंदीच्या वर्षात इथल्याच मागावर आणि इथल्याच मशीनवर करून घेतला तर कुणाला फुकट काही द्यायला नको.

जर्मनीत_सोलापूरकर
हे फार पटलं. सरकारनं गिऱ्हाईक बनायचं. बाहेरची पार्टी थांबली तर तेवढे महिने सरकारी दवाखाने, वसतिगृहं, रेल्वे यांची चादर-टॉवेलची खरेदी पुढं ओढायची, नंतर लागणारच असतो तो माल.

ताणा_बाणा (धागाकर्ता)
टेंडर मात्र जॉबवर्कवाल्याला झेपेल असं पाहिजे. उलाढालीची अट आणि अनामत रक्कम असली की परत आमच्यासारखेच भरणार. सोसायटी करून एकत्र भरायची सोय ठेवली तर काकांचे माग चालतील.

हिशेबनीस
हे सगळं होईल तेव्हा होईल, त्याच्यासाठी निवेदनं देऊच, पण काकांसारख्या मंडळींनी आज काय करावं ते लिहितो. पहिली गोष्ट उद्यम नोंदणी. १ जुलै २०२० पासून चालू आहे, ऑनलाइन, आधारवर होते, सरकार त्याचा एक रुपया घेत नाही, एजंटला हजार-पाचशे देऊ नका. ती असली की बँकेच्या भाषेत तुम्ही सूक्ष्म उद्योग होता आणि पुढची कुठलीही गॅरंटी स्कीम निघाली की निदान रांगेत उभं राहता येतं. दुसरं, पेमेंट. आयकरात ४३बी(एच) नावाचं कलम आलं, आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत दिलं नाही, तर देणाऱ्याला तो खर्च पैसे चुकते करेपर्यंत वजा धरता येत नाही. मंदीत सगळ्यात आधी उधारी लांबते, वरचा खालच्याचे पैसे अडवतो, आणि त्यावर हे चांगलं हत्यार आहे. जॉबवर्कची मजुरी पण त्यात येते, पण तुमच्याकडं उद्यम नंबर पाहिजे आणि तो बिलावर छापलेला पाहिजे. तिसरं, जमेल तसं पतसंस्थेतलं कर्ज व्यापारी बँकेत नेऊन रेपोला जोडून घ्या.

जुना_मागवाला
साहेब शेड तिघा भावात हाय, माग माझ्या एकट्याचे. उद्यमला शेडचा कागद लागतो का? आणि मी बिल फाडतच नाही, मालक वहीत लिवतो आणि शनिवारी हिशोब करतो.

हिशेबनीस
शेडचा कागद अपलोड करायला लागत नाही काका, पत्ता लिहायचा, आधार आणि पॅन लागतं. लाइट बिल कुणाच्या नावावर आहे ते बघून ठेवा, बँकेत जाताना विचारतील. बिलबुक मात्र उद्याच छापून घ्या, साधं चालतं, नाव, पत्ता, उद्यम नंबर, तारीख, नग, दर. मालकाच्या वहीतल्या नोंदीवर कुठलीच बँक आणि कुठलंच ऑफिस पैसे देत नाही. येताना आधारला जोडलेला मोबाईल घेऊन या, ओटीपी त्याच्यावर येतो. शनिवार सोडून कधीपण या.

ताणा_बाणा (धागाकर्ता)
काका, आमच्याकडं जॉबवर्क करणाऱ्या सगळ्यांना मी ह्या रविवारी कारखान्यावर बोलावतो, हिशेबनीस यांनी वेळ दिला तर एकदमच सगळ्यांची नोंदणी करून टाकू. आणि आमच्याकडनं सुरुवात म्हणून पुढच्या महिन्यापासून बिल आल्यापासून १५ दिवसांत मजुरी, वडलांशी बोललोय. बाकीच्या कारखानदारांनी पण इथंच लिहा कोण कोण तयार आहे.